रुमालाखालची बोली

खरसुंडीच्या यात्रेत, सिद्धनाथाच्या देवळापासून थोड्या अंतरावर भरणाऱ्या खिल्लार जनावरांच्या बाजारात, माझ्या वडिलांनी एका हेड्याच्या हातावर आपला रुमाल टाकला आणि त्या रुमालाखाली दोघांची बोटे कितीतरी वेळ एकमेकांशी मुकाट्याने बोलत राहिली, हे दृश्य मी वयाच्या आठव्या वर्षी पाहिले. भोवती उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांना सौदा चालला आहे हे दिसत होते. कितीचा चालला आहे हे मात्र त्या दोघांखेरीज कोणालाही कळत नव्हते, आणि कळू नये हाच त्या रुमालाचा हेतू होता. पुढे तिशी ओलांडल्यावर अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत हॉटेलांच्या खोल्यांवर संगणकाच्या पडद्यावरून बोली लावण्याचा एक नाद मला जडला आणि तेरा वर्षे टिकला. त्या नादाचा जमाखर्च मांडायला बसलो म्हणजे पहिली आठवण निघते ती या रुमालाची.

माझा पेशा संगणकप्रणालींच्या सल्लागाराचा. बिऱ्हाड न्यू जर्सीत आणि कामे शिकागो, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को अशा दूरदूरच्या शहरांत; सोमवारी पहाटेच्या विमानाने जायचे आणि गुरुवारी रात्री परतायचे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कंत्राटात मुक्कामासाठी ठोक दैनिक भत्ता ठरलेला असे, त्याची पावती कोणी मागत नसे, आणि खर्च वजा जाता जे उरेल ते माझे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेले माझे एक मामा फिरतीवर गेले म्हणजे कोणा ओळखीच्या तलाठ्याच्या ओसरीवर पथारी टाकीत आणि भत्त्याची रक्कम घरी येऊन मामीच्या हाती जशीच्या तशी ठेवीत, यावरून आम्ही मुलांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली होती. ती थट्टा माझ्यावर कशी उलटली हे मामांना पाहायला मिळाले नाही, एवढेच त्यातल्या त्यात बरे.

जे वॉकर यांच्या कल्पनेतून निघालेल्या प्राइसलाइन या कंपनीने १९९८ साली अमेरिकेत ही बोलीची पद्धत प्रथम विमानतिकिटांसाठी सुरू केली आणि पुढे हॉटेलांच्या खोल्या तीत आणल्या. ग्राहकाने आधी बांधील देकार द्यायचा व विक्रेत्याने मागाहून तो स्वीकारायचा, या कल्पनेचे पेटंटही त्याच वर्षी मिळाले. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत अंतराळयानाचे कप्तान झालेले विल्यम शॅटनर जाहिरातींतून तिचा पुकारा करीत असत. पद्धत वरकरणी सरळ होती. शहराच्या नकाशाचे विभाग पाडलेले असत. आपण विभाग निवडायचा, हॉटेल किती तारकांचे हवे ते सांगायचे, दिनांक लिहायचे, आणि एका रात्रीला आपण किती देऊ तो आकडा मांडायचा. क्रेडिट कार्डाचा क्रमांक बोलीबरोबरच द्यावा लागे, त्यामुळे मंजुरीचा हुकूम आणि रकमेची वसुली या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडत, आणि आपण कोणत्या हॉटेलात राहणार आहोत हे त्यानंतरच कळे. रद्द करणे नाही, फेरफार नाही, परतावा नाही. बोली नामंजूर झाली तर त्याच विभागासाठी, त्याच तारकांसाठी व त्याच दिनांकांसाठी पुन्हा दार ठोठावण्यापूर्वी चोवीस तास थांबावे लागे. अर्जात काही बदल केला तर मात्र तत्काळ पुन्हा बोलता येई. या शेवटच्या सवलतीत सारी विद्या साठवलेली होती. २००० साली निघालेल्या हॉटवायरने याच मालाची वेगळी मांडणी केली. तेथे भाव उघड असे आणि नाव तेवढे झाकलेले. मला ते कधी रुचले नाही. भाव आयता समोर आला म्हणजे सौद्यातला अर्धा प्राण गेला, असे त्या वेळी मला वाटे.

माझी पहिली बोली २००२ च्या फेब्रुवारीतली. आदल्या सप्टेंबरातील उत्पातानंतर लोकांचा प्रवास आटला होता, शिकागोतील हॉटेले मजल्यांमागून मजले रिकामी होती, आणि मिशिगन सरोवरावरून येणारा वारा हौशी प्रवाशाला फिरकू देत नव्हता. मी लूप भागासाठी, चार तारकांसाठी, साठ डॉलरांचा आकडा भीत भीत लिहिला. मिनिटभरात मंजुरी आली. ज्या हॉटेलात माझा एक सहकारी कार्यालयाच्या खर्चाने एकशे एकोणनव्वद डॉलर देऊन उतरत असे तेच माझ्या वाट्याला आले, आणि संध्याकाळभर मी त्या दिवाणखान्यात संगमरवरी खांबांकडे पाहत एखाद्या संस्थानिकाप्रमाणे बसलो. झोपताना मात्र मनात एक शंका शिरली: साठ इतक्या झटपट मंजूर झाले, त्या अर्थी पन्नासही झाले असते काय? त्या रात्री मला जे दुःख झाले ते एकशे एकोणनव्वद देणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला कधीच झाले नसेल. लिलावात जो जिंकतो त्याला आपण अधिक बोललो ही रुखरुख लागते आणि जो हरतो त्याला आपण कमी बोललो ही लागते. बोलीच्या बाजारात समाधान नावाचा माल विक्रीला नसतोच, हे मला पहिल्याच रात्री दिसले होते. मी ते मनावर घेतले नाही.

त्याऐवजी मी वही घातली. सांगलीच्या हळदपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी असलेल्या माझ्या वडिलांच्या रोजमेळासारखी, तांबड्या कापडाच्या बांधणीची नव्हे, पण शिस्त तीच: शहर, दिनांक, विभाग, तारका, बोली, आणि शेवटच्या रकान्यात ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’. दोनएक वर्षांत त्या वहीने मला असे काही शिकवले की कोणत्या विभागात किती तारकांची कोणती हॉटेले या पद्धतीत सामील आहेत, हे मी बोलीपूर्वीच बऱ्याच खात्रीने सांगू लागलो. खरे कौशल्य होते ते पायरी चढण्याचे. मला लूपमध्येच चार तारकांचे हॉटेल हवे आहे असे समजा. पहिली बोली तेवढ्याच विभागासाठी पंचेचाळीसची लावायची. ती नामंजूर झाली की ज्या उपनगरी विभागात तीन तारकांच्या वरचे एकही हॉटेल नाही असा विभाग अर्जात जोडायचा. जोड मिळाल्यामुळे अर्ज नवा ठरे, परंतु त्या विभागात चार तारकांचे काही नसल्यामुळे तेथली खोली गळ्यात पडण्याची भीती नसे, आणि पन्नासची बोली चोवीस तास न थांबता लावता येई. मग असाच दुसरा विभाग, पंचावन्न, तिसरा, साठ. हे पोकळ विभाग म्हणजे आमच्या शिडीच्या पायऱ्या. पुढे पुढे नामंजुरीबरोबर ‘आणखी इतके वाढवा, आत्ताच पुन्हा संधी देतो’ अशी लालूच दाखवली जाई. तिला मी बहुधा बधलो नाही, कारण वाढीचा आकडा समोरच्याने सुचवला म्हणजे मोजपट्टी त्याच्या हाती गेली.

शिडीची एक पायरी कुजकी निघाली ती २००४ साली. ज्या उपनगराला मी दोन वर्षे निर्धास्तपणे पायरी म्हणून वापरले होते त्यात मला नकळत एक चार तारकांचे हॉटेल नव्याने दाखल झाले होते, आणि माझी तिसरी बोली नेमकी त्याने उचलली. काम शहराच्या मध्यभागी, खोली विमानतळाच्याही पलीकडे, रात्री चार, आणि परतावा नाही. चार दिवस मी पहाटे साडेपाचला उठून उपनगरी रेल्वेच्या फलाटावर बर्फात उभा राहिलो. दोष कोणाचा म्हणावा? नियम मला ठाऊक होते. नियमातील भेग मीच शोधली होती आणि तिच्यातून मीच खाली पडलो होतो. वहीत त्या नोंदीपुढे ‘मंजूर’ लिहिताना मी रकान्याबाहेर एक फुली काढली. दुसरी तशीच फुली सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच रात्रींपुढे आहे: शुक्रवारी बोली मंजूर झाली आणि शनिवारी काम रद्द झाल्याचे पत्र आले. चारशे तीस डॉलर बुडीत खाती गेले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शहरांची पंचांगे असतात हे मात्र मला उशिरा कळले. एका नोव्हेंबराच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर, शिकागोतील माझी प्रत्येक बोली नामंजूर होत गेली. साठ, ऐंशी, शंभर, एकशे चाळीस, एकशे ऐंशी, विभागांचा साठा संपला तरी नकारच. अखेर शहराबाहेर महामार्गालगतच्या, दोन तारकांच्या आणि खिडकीच्या एका फटीच्या आश्रयाला जावे लागले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका चपराशीवजा पोरगेल्या मदतनिसाने सहज सांगितले की दर वर्षी याच आठवड्यात उत्तर अमेरिकेच्या क्ष-किरणतज्ज्ञांचे अधिवेशन मॅककॉर्मिक प्लेस या भव्य प्रदर्शनसंकुलात भरते, आणि जगभरातील डॉक्टर व यंत्रांचे विक्रेते शहरातील खोल्या कित्येक महिने आधी अडवून ठेवतात. ज्ञान असे दारात उभे होते आणि मी वही उघडून बसलो होतो. तेव्हापासून मी प्रत्येक शहराचे सणवार लिहून ठेवू लागलो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी शिकागोची मॅरेथॉन. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा भरली की न्यूयॉर्कच्या पूर्व भागात शिरकाव नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र तेच न्यूयॉर्क नरम. वॉशिंग्टन ऑगस्टात, काँग्रेसचे सभासद आपापल्या गावी गेले म्हणजे स्वस्त, आणि चेरीच्या बहराच्या दिवसांत महाग. कचेऱ्यांच्या वस्तीतील हॉटेले शनिवार-रविवारी ओस पडतात आणि लास व्हेगासची त्याच दोन दिवशी फुलून जातात. पंढरपुरात आषाढीला भाड्याने खोली शोधणाऱ्याला यातले काहीही नवीन वाटणार नाही. ते मला नवीन वाटले, हे माझ्या शिक्षणाचे वैगुण्य.

या धंद्याची दुसरी बाजू मला समजली ती विमानतळाजवळच्या एका हॉटेलात भागीदारी असलेल्या नवसारीकडच्या गृहस्थांकडून. अमेरिकेतील मोटेलांच्या व्यवसायात गुजराती मंडळी, विशेषतः पटेल, किती मोठ्या संख्येने आहेत हे सर्वश्रुत आहे. या गृहस्थांचे शिक्षण मुंबईत झाल्यामुळे मराठी त्यांना समजे, आणि रात्री उशिरा, काउंटरवर दुसरे कोणी नसले म्हणजे, ते मोकळेपणाने बोलत. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की रिकामी खोली म्हणजे संध्याकाळची मेथीची जुडी. सकाळी तिला किंमत नाही. चादरी धुणे, खोली झाडणे, साबण, वीज यांना जे काही पंधरा-वीस डॉलर लागतात त्यांच्यावर मिळेल तो पैसा नफ्याचा. मग उघडपणेच भाव का उतरवू नये, असे मी विचारले. ते हसले. उघड उतरवला तर ज्याने पूर्ण भावाने खोली घेतली आहे तो उद्या येऊन भांडतो, ज्या कंपन्यांशी वर्षाचा करार झाला आहे त्या तो भाव मागतात, आणि पाटी एकदा खाली आली की वर चढवताना गिऱ्हाईक तोंड फिरवते. म्हणून काही खोल्या, नाव झाकून, गुपचूप द्यायच्या. रोज सकाळी ते किती खोल्या या वाटेने सोडायच्या व किमान कितीला, हे भरून ठेवीत. मी सहज विचारले, माझी आजची खोली कितीला सोडली होती? त्यांनी यंत्रात पाहिले आणि ‘बेचाळीस’ म्हणाले. मी पंचावन्न बोललो होतो. मधले तेरा डॉलर त्यांना मिळाले नव्हते आणि माझ्याकडेही राहिले नव्हते. ते मधल्याचे होते. यात गैर काही नाही, दलाली हा जगातील प्राचीन व प्रतिष्ठित उद्योग आहे आणि माझे बालपण तिच्याच भाकरीवर गेले; पण हळदपेठेतील अडत टक्क्याने ठरलेली असे आणि पट्टीवर लिहिलेली असे, येथील अडत माझ्या अज्ञानाइतकी असे. जितके मी अधिक बोलेन तितकी ती मोठी.

२००६ च्या मे महिन्यात आई-वडील आमच्याकडे आले. त्यांना न्यूयॉर्क चार दिवस मनासारखे दाखवावे म्हणून मी मॅनहॅटनच्या मध्यभागी, चार तारकांची खोली, रात्री एकशे पंचेचाळीस डॉलरांना मिळवली, आणि खरे सांगायचे तर त्यांना शहराइतकीच ती खोली दाखवण्याची मला हौस होती. खोली दाराशेजारच्या बर्फाच्या यंत्राची सोबतीण निघाली. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आणि दोन म्हाताऱ्या माणसांना एकच पलंग, तोही अरुंद. दोन माणसांची सोय एवढेच या पद्धतीत कबूल केलेले असे, पलंग किती व कसे हे नव्हे. काउंटरवरील तरुणाने अत्यंत सौजन्याने सांगितले की अशा वाटेने आलेल्या पाहुण्यांना शिल्लक असेल ते दिले जाते. सकाळी मी गेलो तेव्हा आई म्हणाली, “रात्रभर बाहेर कुणीतरी खडी ओतत होतं बघ.” वडील खुर्चीत बसले होते, ते बहुधा तिथेच झोपले असावेत.

“कितीला घेतलीस?” त्यांनी विचारले.

“एकशे पंचेचाळीस, अप्पा. पाटीवरचा भाव तीनशेच्या वर आहे.”

“समोरच्यानं किती सांगितले होते?”

“तो काही सांगत नाही. आपणच आकडा बोलायचा. जमलं तर जमलं.”

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग उजव्या हाताची बोटे डाव्या तळव्यावर टेकवून म्हणाले, “म्हणजे रुमालाखाली तुझा एकट्याचाच हात.”

मी त्यांना तारका, विभाग, पोकळ पायऱ्या, सारे समजावून सांगितले. त्यांनी ते एखाद्या नव्या कारकुनाचा हिशेब तपासावा तसे ऐकून घेतले आणि विचारले की शिडी चढायला लागण्यापूर्वी अखेरची पायरी कोणती हे मी कागदावर लिहून ठेवतो काय. मी ठेवत नव्हतो. साठपर्यंत जायचे म्हणून बसायचे आणि नकारामागून नकार आले की पंच्याहत्तरपर्यंत जायचे, असे माझे कितीदा तरी झाले होते. नकाराने चिडलेला माणूस भाव विसरतो आणि फक्त होकार मागू लागतो. “घरून आकडा ठरवून निघायचं,” अप्पा म्हणाले. “आणि बैलाचे दात बघितल्याशिवाय रुमाल टाकायचा नाही.” पहिला उपदेश मी त्या दिवसापासून पाळला. दुसरा या पद्धतीत पाळणे शक्यच नव्हते, आणि ती गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली असावी, कारण त्यांनी लगेच चहाची चौकशी केली. उरलेल्या तीन रात्री ते दोघे न्यू जर्सीला आमच्या घरी निजले. मॅनहॅटनची खोली रिकामी राहिली आणि तिचे पैसे मी भरले.

नाद मात्र सुटला नाही. २००९ साली मंदीने हॉटेले पुन्हा ओस पडली तेव्हा तर माझ्या वहीत अशा काही नोंदी झाल्या की त्या मी पाहुण्यांना काढून दाखवीत असे, आणि पाहुणेही सभ्यपणे पाहत. एकदा रात्री दोनपर्यंत जागून मी वॉशिंग्टनची एक खोली चौसष्टऐवजी साठला मिळवली आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, मी स्वतः बोलायचे होते त्याच वेळी, डुलकी घेतली. “अहो, तासाचे तुम्ही त्या लोकांकडून काय घेता?” असे पत्नीने विचारले, आणि स्वतःच भागाकार करून उत्तरही सांगितले. त्या हिशेबाने माझ्या तेरा वर्षांच्या बचतीतून जागरणांचे तास वजा केले तर शिल्लक किती राहते, हे मी अद्याप काढलेले नाही. काढणार नाही.

बाजारच पुढे बदलत गेला. २०१२ च्या जानेवारीत प्राइसलाइनने आपल्या जाहिरातीत शॅटनर यांचे ते घासाघीस करणारे पात्र बसच्या अपघातात मारून टाकले, कारण कंपनीला आता बोलीवाचूनच्या ठरीव सवलती पुढे आणायच्या होत्या. ते पात्र नंतर जिवंत होऊन परतले, परंतु बोलीचे दिवस भरले होते. २०१६ साली विमानतिकिटांची बोली बंद झाली. लोकांना होकाराची वाट पाहायला वेळ राहिला नव्हता, आणि हातातल्या फोनवर दहा भाव एकाखाली एक दिसू लागल्यावर आंधळी बोली लावण्याइतका निरागस कोण राहणार? माझी कामेही तोवर कमी झाली होती, आणि अप्पा गेले होते.

वहीतील अखेरची नोंद २०१५ च्या फेब्रुवारीतली आहे. शिकागो, लूप, चार तारका, दोन रात्री, एकाहत्तर, नामंजूर. ठरवलेला आकडा एकाहत्तरच होता, म्हणून मी शिडीला हात लावला नाही. चोवीस तास थांबायचे म्हणून मी दिवा मालवला, पुन्हा लावला, आणि का कोण जाणे, तेरा वर्षांपूर्वी जे हॉटेल मला प्रथम लाभले होते तेथे सरळ दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंनी ऐंशी डॉलर सांगितले, त्यात सकाळची न्याहारी धरली, मी किती वाजता पोहोचेन ते विचारले, आणि खोली वरच्या मजल्यावर, लिफ्टपासून दूर चालेल ना, अशी पृच्छा केली. मी ‘चालेल’ म्हटले. वहीत शेवटच्या रकान्यात मंजूर लिहावे तर बोली लावलेली नव्हती, नामंजूर लिहावे तर खोली मिळाली होती. मी लेखणीचे टोपण लावून ठेवले, आणि त्या दोन रात्रींपुढचा रकाना कोराच राहिला.